मिसेसचा हिशेब कुठं आहे, सर?

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

‘वकीलताई, नमस्कार. माझं वय ४१, शिक्षण बी.एस्सी., बी.एड. उदगीरजवळच्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत १३ वर्षांपासून नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. संस्था महिन्याला ८ हजार देते, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. शिकवणीचे ६ हजार येतात. नोकरी लागताना वडिलांनी एक एकर विकून संस्थेला पैसे दिले होते. अनुदान येईल, येईल म्हणत इतकी वर्षं गेली. माझ्या मेहुण्याची लातूरला सोलर पॅनल बसवण्याची एजन्सी आहे. मागच्या दोन उन्हाळी सुट्ट्या त्याच्याकडं काम केलं. काम जमतं, मनही रमतं. तो म्हणतो, तीन लाख घाला आणि भागीदारीत या. रकमेची सोय दागिने आणि भिशी मिळून होईल. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, लोक सर म्हणतात हे काय कमी आहे? गावाकडची दोन एकर तेच बघतात, गेल्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं. मुलगी नववीत आहे, तिला अकरावीला लातूरला ठेवायचं आहे. मुलगा चौथीत. भाड्यासकट घरखर्च २७ हजार. मिसेस घरीच असतात, थोडंफार शिवणकाम करतात, त्यांचा पाठिंबा आहे. मध्यंतरी त्यांना मोंढ्याजवळ गाळा घ्यायचा होता, पण ते मागं पडलं. मी राजीनामा द्यावा का?’

सर, नमस्कार.

तुम्ही गणिताचे, म्हणून गणितापासूनच सुरू करते. संस्थेचे ८ आणि शिकवणीचे ६, झाले १४ हजार. खर्च २७. मधले १३ हजार कुठून येतात, हे पत्रात नाही. सोयाबीन पाण्यात गेलं असं तुम्हीच लिहिता. उसनवारीचा, हप्त्याचा उल्लेख नाही. मग उरतं ते ‘थोडंफार शिवणकाम’. म्हणजे तुमच्या घरात जवळजवळ तुमच्याइतकंच कमावणारं माणूस शिलाई मशीनवर बसलेलं आहे. त्यांचे पैसे दोन-दोन महिने तुंबतही नाहीत, ब्लाऊज नेलं की हातात येतात. वडील काय म्हणतात ते तुम्ही त्यांच्या शब्दांत लिहिलं, मेहुणा काय म्हणतो तेही लिहिलं. वहिनी काय म्हणतात ते मात्र कुठंच नाही.

टोमणा मारायचा म्हणून हे लिहीत नाही. राजीनाम्याचं उत्तर यातच अडकलेलं आहे म्हणून लिहिते. ८ हजारांच्या नोकरीवर तुमचं घर चाललेलंच नाही, मग ती सोडल्यानं ते बुडायचंही नाही. पण तुमच्या नव्या धंद्यापायी मशीन थांबली तर महिनाभरात किराणा बंद पडेल. आणि मशीन थांबण्याची शक्यता चांगलीच आहे. कशी ते सांगते.

सोलरचा हंगाम कोणता? फेब्रुवारी-मार्चपासून पुढं, पंखे-कूलर सुरू होऊन लाइटबिल हातात पडलं की लोकांना गच्चीवरचं ऊन आठवतं. वहिनींचा हंगाम कोणता? लग्नसराई, म्हणजे तोच. लेकरांना सुट्ट्या तेव्हाच आणि आपल्याकडं पाण्याची मारामारीही तेव्हाच. मागच्या दोन उन्हाळ्यांत तुम्ही लातूरच्या गच्च्यांवर होता, तेव्हा उदगीरच्या घरी नळ कोणी धरला? अस्तराची ब्लाऊजं, मुलाचं दुपारचं जेवण, टँकरवाल्याला फोन, हे सगळं कोणी केलं? दोन महिन्यांपुरतं झालं, ते त्यांनी निभावलं. आता तुम्ही बारा महिन्यांचं म्हणताय.

हे इतकं ठामपणे सांगते, कारण यातून गेले आहे. ३८ व्या वर्षी मी ज्या पतसंस्थेत कारकून होते तिला कुलूप लागलं. ठेवीदार संचालकांच्या दारात जायला कचरायचे आणि माझ्या दारात यायचे, कारण पावतीवर सही माझी असायची. ऊसतोडीच्या उचलीतून वाचवलेले दहा हजार, लेकीच्या लग्नाचे चाळीस हजार, अशा पावत्या फडक्यात गुंडाळून आणलेली म्हातारी माणसं ओट्यावर बसायची. त्यांच्यासोबत कोर्टाच्या चकरा मारता मारता माझ्या मनानं घेतलं की आपण वकील व्हायचं. पदवी होती. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला वय आडवं येत नव्हतं. घरात मात्र बऱ्याच गोष्टी आडव्या येत होत्या.

आमचे हे एसटीत वाहक. मुलगी सातवीला, मुलगा तिसरीला, सोबत सासूबाई. मी फॉर्म आणला त्या रात्री यांनी ‘कर की, शिक की’ म्हटलं आणि कूस बदलून झोपले. खरा प्रश्न सकाळी सासूबाईंनी भाकरी थापताना विचारला. म्हणाल्या, ‘शिकशील गं, पण पाणी कोण भरणार?’

बीड, लातूर, जालन्याबाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तुम्हाला वाटणार नाही. आठ-दहा दिवसांनी नळ येतो, कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी, आणि तो तास चुकला तर पुढचा आठवडा विकतच्या पाण्यावर काढावा लागतो. त्या वेळेला घरात धडधाकट माणूस लागतंच. ते माणूस आजवर मी होते. मी कॉलेजला जाणार म्हटल्यावर हे काम कुणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. ते कुणाच्या, हे बोलून ठरवलं नसतं तर आपोआप मुलीच्या अंगावर पडलं असतं. आपल्या घरांमध्ये आईनं काही नवं सुरू केलं की त्याचा भार थोरल्या लेकीवर उतरतो, आणि मग पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, ‘आमची ताई सगळं करते.’

तर आम्ही बसून वाटणी केली. यांनी मुक्कामी गाडी सोडून दिवसाची ड्यूटी मागून घेतली. त्यात भत्ता गेला, आणि तो गेला हे आम्ही आधी धरून चाललो होतो. संध्याकाळी लेकरांजवळ सासूबाई, पाण्याला हे, सकाळचा स्वयंपाक माझा. मुलीच्या वाट्याला तिची पुस्तकं, दुसरं काही नाही, हे मी हट्टानं ठेवलं. सासूबाईंनीही एक अट घातली. परीक्षेचे दिवस सोडले तर चतुर्थीचा उपवास आणि त्यांचा दवाखाना चुकवायचा नाही. ती मान्य केली. अशा अटी आधी निघाल्या की बरं असतं, नंतर निघतात त्या भांडणातून निघतात.

माझं शेवटचं सेमिस्टर २०१६ च्या उन्हाळ्यात आलं. तुम्हाला तो उन्हाळा मी काय सांगायचा, मिरजेहून रेल्वेनं पाणी तुमच्याच जिल्ह्यात आलं होतं. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. आम्ही वर्गात १४४ कलम पाठ करायचो आणि तेच कलम पाण्यासाठी लागल्याचं पेपरात वाचायचो. वर्गातली पोरं मला काकू म्हणायची. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात त्यानं स्वतःच लिहिलं होतं, ‘शिकते’. सनद मिळाल्यावरही सुरुवातीची वर्षं कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज-प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात गेली. पैसे कुठून येतात हे विचारायची सोय नव्हती, कारण फारसे येतच नव्हते. यांच्या पगारावर घर चाललं. आज मी कमावते आणि यांच्या निवृत्तीची वाट बघते आहे, आता दमले आहेत.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की यांच्या ‘कर की’नं माझं काहीच पुढं सरकलं नव्हतं. मुक्कामी गाडी सुटली तेव्हा सरकलं. तुमच्या मिसेसचा पाठिंबा आहे असं तुम्ही लिहिता. त्या बदल्यात तुमची मुक्कामी गाडी कोणती सुटणार आहे?

आता त्यांच्या बाजूनं थोडं बघू. धंदा कोणाचा? त्यांच्या भावाचा. नवऱ्याला ‘नको’ म्हटलं तर भावावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ‘हो’ म्हटलं आणि उद्या तुम्हा दोघांत हिशेबावरून बिनसलं, तर दिवाळीचं माहेर बंद. अशा अडकित्त्यात सापडलेली बाई काय बोलणार? ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणेल. त्याला तुम्ही होकार धरलं असेल तर घाई झाली.

आणि ते तीन लाख. दागिने कोणाचे आणि भिशी कोणाची, हे तुम्ही लिहिलं नाही, पण उदगीरच्या गल्लीत भिशी कोण चालवतं हे मला माहीत आहे. वकील म्हणून एक सांगते, बायकोचे दागिने हे तिचं स्त्रीधन. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. अडचणीत वापरले तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येही हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे तीन लाख ‘घालणारे’ तुम्ही नाही, त्या आहेत. भागीदारी करायचीच झाली तर कागदावर नाव त्यांचं यायला पाहिजे. हे मेहुण्याला बोलून बघा, त्याचा चेहरा काय होतो तेही बघा.

मग माझं मत काय? नोकरी सोडावी. पण लगेच नाही, आणि पहिला पैसा सोलरमध्ये नाही. पहिला पैसा गाळ्यात.

तुम्हाला हे उलटं वाटेल. पण वहिनींचं गिऱ्हाईक आहे, हात बसलेला आहे, पैसा रोख आहे आणि अडचण फक्त जागेची आहे. घरातल्या खोलीत बसून जी बाई १३ हजार काढते, तिला रस्त्यावर जागा आणि मोटारची पिको-फॉल मशीन मिळाली तर काय होईल, हे समजायला सोलरइतकं डोकं लागत नाही. गाळा विकत नको, भाड्यानं बघा. डिपॉझिट आणि मशीनला तीन लाख लागत नाहीत. कमी पडले तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारण न ठेवता मिळतं, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. गाळा एक लग्नसराई चालू द्या. तेवढ्यात घरचं वेळापत्रक कसं बसतं तेही कळेल. मग तुमची उडी. एकाच घरात दोघांनी एकाच उन्हाळ्यात काम बदललं तर पडणाऱ्याला झेलायला कोणी उरत नाही.

अर्थात त्यांना आता गाळा नकोही असेल. ‘मागं पडलं’ असं तुम्ही लिहिता. ते आपोआप पडलं की कुणी पाडलं, मला माहीत नाही. विचारा. वडील आणि मेहुणा दोघंही नसताना विचारा आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू द्या.

आता शाळेचं. तुम्ही तेरा वर्षं मोजता आहात. मी एवढंच विचारीन की कागदावर काय आहे? शिक्षणाधिकाऱ्यांकडून तुमच्या नावाची वैयक्तिक मान्यता आहे का? शाळेचं मूल्यांकन होऊन ती अनुदानाला पात्र ठरली आहे का? शालार्थमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगारप्रणालीत, नाव आहे का? आणि पाचवा-सहावा प्रश्न विचारण्याऐवजी एक करा, गेल्या पाच वर्षांचा पट काढा. मुलं दरवर्षी कमी होत असतील तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरतात तेव्हा, पदच टिकायचं नाही, मग अनुदान कोणाला? मान्यता हातात असेल, शाळा पात्र यादीत असेल आणि पट टिकून असेल, तर थांबण्यात अर्थ आहे, कारण अनुदान २० टक्क्यांच्या टप्प्यानं का होईना, चढत जातं. यातलं काहीच नसेल आणि संस्थाचालक फक्त ‘फाईल मंत्रालयात आहे’ म्हणत असतील, तर फाईल तिथं सुखात आहे, तुम्ही आपलं बघा. पेन्शनच्या आशेनं थांबू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन तशीही नाही. तुम्ही नववी-दहावीला शिकवता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालातली टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) सक्ती तुमच्यावर येत नाही, ती आठवीपर्यंतच्या शिक्षकांना आहे. पण सातवी-आठवीचे तास कागदावर तुमच्या नावे लावले असतील तर ते आजच बघून घ्या.

एक गोष्ट मात्र तुमच्या हिशेबात राहिली आहे. शिकवणीला येणारी लेकरं कोणाची? बहुतेक तुमच्याच शाळेची. शाळा सुटली की त्या सहा हजारांपैकी निम्मे तरी सुटतील. म्हणून नोकरी सोडण्याची किंमत आठ नाही, अकरा-बारा हजार धरा.

वडिलांच्या एकराचं काय? त्यांना राग येतो तो सोलरचा नाही, त्या एकराचा. जमीन विकून दिलेले पैसे ज्यांनी घेतले त्यांनी पावती दिली नसणार, परत मागायची सोय नाही. तुम्ही शाळेत आणखी सतरा वर्षं काढून निवृत्त झालात तरी तो एकर गावच्या सातबाऱ्यावर परत चढायचा नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, त्यांना ते तुमच्याआधी कळलेलं आहे. त्यांना घेऊन एकदा तुम्ही बसवलेलं एखादं घर दाखवा. मीटर उलटा फिरल्यासारखा युनिट परत देतो हे शेतकऱ्याला लगेच पटतं. तुम्ही विज्ञानाचे सर, नेट मीटरिंग तुमच्याइतकं नीट त्यांना कोण समजावणार? एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, हे गणित म्हाताऱ्या माणसाला आवडतं, कारण ते पावसावर अवलंबून नाही. (आभाळ आलं की कमी होतं, हेही सांगून टाका, नाहीतर पहिल्याच आषाढात तुमची पत जायची.)

‘लोक सर म्हणतात’ हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. माणसाला त्यावर जगता येत नाही, पण त्याशिवाय बाजारातून चालताना काही दिवस अंग उघडं वाटतं, हे मी अनुभवलं आहे. कारकून असताना मला मॅडम म्हणणारे लोक कोर्टाबाहेरच्या टेबलापाशी ‘ओ ताई, अर्जाचे किती?’ विचारायचे. सहा महिने लागलं, मग नाही. तुमच्या बाबतीत गंमत अशी, की तुम्हाला सर म्हणायचं लोक सोडणारच नाहीत. लातूर जिल्ह्यात एकदा सर झालेला माणूस किराणा दुकान टाकतो तेव्हाही ‘सरांचं दुकान’च होतं. धंद्यात त्याचा उपयोगच होईल, तुमच्या तेरा बॅचची लेकरं आता घरं बांधायच्या वयाला येत आहेत.

धंद्याचं मला कोर्टातून जेवढं दिसतं तेवढंच सांगते. चेक न वटल्याच्या, कलम १३८ च्या केसेस आमच्याकडं ढिगानं पडून आहेत आणि त्यात छोटे कंत्राटदार पुष्कळ आहेत. सोलरमध्ये पैसा कुठं अडकतो? पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या केंद्रीय योजनेची सबसिडी, तीन किलोवॅटला ७८ हजार, ही ग्राहकाच्या खात्यात जमा होते, बसवणाऱ्याच्या नाही, आणि काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर होते. ग्राहक म्हणतो, ‘सबसिडी आली की उरलेले देतो.’ सबसिडी येते, तोवर लग्न निघतं नाहीतर बैल घ्यायचा असतो. तिकडं पॅनलचे पैसे तुम्ही आगाऊ भरलेले असतात. म्हणून ग्राहकाला बँकेकडं वळवा. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं आणि त्यात बसवणाऱ्याला पैसे बँकेकडून मिळतात. ओळखीच्या माणसाला उधार द्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. तुमच्याबाबतीत तो अवघड जाणार, कारण सगळेच ओळखीचे असतील आणि अर्धे तुमचे विद्यार्थी.

पहिलं वर्ष भागीदारी नको. मेहुण्याकडं दर कामामागं मजुरी ठरवून घ्या, ती वहीत लिहा, दर महिन्याला दोघांच्या सह्या. तुम्हाला धंदा कळेल, त्याला तुम्ही कळाल, आणि बिनसलं तर तुटेल ती फक्त मजुरी. वर्षानं भागीदारीचा करार करायचा असेल तर स्टॅम्प पेपरवर करा आणि बाहेर पडायचं झालं तर पैसे कसे परत मिळणार, हे कलम पहिल्या पानावर घ्या. मेहुणा नाराज झाला तर सांगा, वकिलीणबाईंनी अडवलं. माझं नाव वापरा, मला सवय आहे.

आणि गच्चीवर दोर बांधल्याशिवाय चढायचं नाही. वय ४१, डोक्यावर ऊन, पत्रे तापलेले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो, जीवन ज्योती ४३६ रुपयांत आयुर्विम्याचं. दोन्ही बँकेत फॉर्म भरून होतात. संस्थेनं तुमचा काहीच विमा काढलेला नसणार, म्हणून हे सोलरआधीच, या आठवड्यात करा. रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत ना, तेही बघा.

मुलीचं लातूर दीड वर्षावर आहे. तुम्ही दोघं कामात असताना घरी भाकरी कोण करणार, या प्रश्नाला ‘ताई करेल’ असं उत्तर आलं, तर क्लासची फी आणि खोलीचं भाडं भरून काही उपयोग नाही, तिची दहावी आधीच खर्ची पडेल. सकाळचा स्वयंपाक तुम्ही शिका. गणितवाल्याला पीठ-पाण्याचं प्रमाण अवघड नाही. मुलगा चौथीत आहे, त्यालाही आपलं ताट घासता आलं पाहिजे.

राजीनाम्याबद्दल शेवटी, कारण तो शेवटीच द्यायचा आहे. आधी मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या कपाटात असतील तर ‘बँकेला दाखवायची आहेत’ म्हणून काढून आणा. अनुभवाचा दाखला घ्या. थकलेले पगार लेखी मागा. नोकरी लागताना कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही घेतली होती का, आठवा, आणि घेतली असेल तर काही करण्याआधी मला कळवा, त्याचं वेगळं बघावं लागेल. खाजगी शाळांच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणं राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची. कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, नसाल तर एक महिन्याची. शैक्षणिक वर्ष संपताना द्या, दहावीची लेकरं अर्ध्यात सोडू नका. एक प्रत स्वतःजवळ ठेवायची, दुसरी व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची (२०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं आहे, म्हणून खिडकीवर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट मागा). शिपायाच्या हाती देऊ नका, आणि पोस्टाची पावती वहिनींकडं ठेवायला द्या.